दोन सूत

फरशीवाला म्हणून बोलावलं मला.
सिने एश्त्रेला, म्हापशाच्या बाजाराला चिकटून.
आत पाऊल टाकलं तर खुर्च्या गेलेल्या,
बोल्ट तेवढे जमिनीतून वर, गंजके,
अनवाणी माणसाची वाट बघत असल्यासारखे.

नळीत पाणी भरलं, लेव्हल धरली.
इंजिनियर हसला, त्याच्याकडे लाल किरणाचं यंत्र.
उत्तर दोघांचं एकच आलं:
दारापासून पडद्यापर्यंत साडेचार फूट उतार.

साडेचार फूट, चोवीस रांगा.
रांगेमागे तीन बोटं.
पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला दिसावं
म्हणून पोर्तुगीज अमदानीतल्या कुणा गवंड्याने
तीन-तीन बोटांनी खाली उतरवत नेली होती जमीन.
दुकानाला असली जमीन चालत नाही.

मग भर घातली.
बाहेरून चिरे आणायचे तर खर्च.
शेट म्हणाले, बाल्कनी पाडायचीच आहे ना?
बाल्कनी फोडली आणि थर्डक्लासात ओतली.
भाटकार, डॉक्टर, त्यांच्या अत्तर लावलेल्या बायका,
उभ्या जन्मात जे खाली बसले नाहीत
त्यांच्या पायांखालचं सगळं
आमच्या बाकड्यांच्या जागी.
वरून मी धुम्मस मारली. जरा जोरातच.

माझी आई बसायची भिंतीबाहेर,
शुक्रवारी, हरमलची मिरची घेऊन.
मला आत सोडायची. डोअरकीपर फटी
तिकीट मागायचा नाही, मूठभर मिरच्या घ्यायचा.
ती स्वतः कधी आत आली नाही.
तिला सिनेमे भिंतीतून ऐकू यायचे,
गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता.
रात्री बसमध्ये विचारायची:
तो ओरडला तेव्हा पडला कसा, पालथा की उताणा?
रडत होती तिचं लुगडं कुठल्या रंगाचं?
चित्र काळंपांढरं, तरी मी रंग सांगायचो.
बहुतेक वेळा हिरवा.

फरशी बसली. दोन बाय दोनची, पांढरी,
तोंड दिसेल अशी.
शेवटच्या चार फरश्यांना मी
फरशीमागे दोन सूत उतार दिला.
इंजिनियरच्या यंत्राने पकडलं.
म्हटलं, साहेब, इथे फ्रीजर येणार,
पाणी गळलं तर त्याला वाट नको?
त्याला पटलं.
मला पटवायचं कुणी नव्हतं.

दुकान उघडल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी आईला आणलं.
काचेचं दार आपोआप सरकलं, ती दचकून मागे आली,
फटीला शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं,
मग वहाणा काढू लागली. मी नको म्हटलं.
"पडदा कुठे असायचा?"
दाखवला. तिथे आता फ्रीजरची रांग,
काचेआड गोठलेले मटार, सोललेली कोळंबी,
समोर माणसं उभी, तोंडांवर निळसर उजेड,
सगळी गप्प,
काय घ्यावं ते ठरत नसलेली.

आई तिकडे गेली नाही.
डावीकडे वळली. साबणाच्या दोन मांडण्यांमध्ये
वीतभर भिंत मोकळी होती,
तिथे तिने कान लावला.
आतून. पहिल्यांदाच.

मला वाटलं रडेल. म्हणून ट्रॉली सोडून जवळ गेलो.
ती हात वर करून गप्प राहा म्हणाली.
बाहेर बाजार भरलेला,
कुणी भाव सांगत होतं, कुणाला तो पटत नव्हता.
पाठीमागे ट्रॉली हळूच निघाली,
कुणी न ढकलता, फ्रीजरच्या दिशेने,
आणि काचेवर टक्क वाजली.
दोन-चार डोकी वळली.

आईचं लक्ष नव्हतं.
"माझ्या जागेवर कोण बसलीय रे आता?
मिरची नीट वाळलेली नाही तिची.
ओततानाचा आवाज ऐक."